रेपो रेट वाडीपर्यंत पोचतो का, आणि त्यावर पीएचडी होते का

प्रश्न थोडक्यात असा आलाय. चिपळूणची मुलगी आहे, एमए इकॉनॉमिक्स झालंय, पीएचडीसाठी विषय मनात आहे 'उदयोन्मुख अर्थव्यवस्थांमधील बँकिंग स्थैर्य आणि पतधोरण'. गाईड म्हणतात विषय समुद्राएवढा आहे, आधी होडी दाखव. ती विचारते, कोकणात राहून यावर काही करता येईल का, गणित किती लागतं, आणि मुळात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसनं देते तो, वर-खाली केल्याने आपल्याकडे कोणाला काही फरक पडतो का.

अगं-तुगं करतोय, वयाने बराच मोठा आहे, राग मानू नकोस. माझी ३२ वर्षं सरकारी बँकेत गेली, पहिली निम्मी कृषी अधिकारी आणि मग मॅनेजर म्हणून राजापूर, देवगड, कणकवली या पट्ट्यात, नंतरची मुंबईला हेड ऑफिसच्या रिसर्च सेलमध्ये, तिथे दिवसभर हेच काम, पतधोरण आलं की त्याचा बँकेवर परिणाम काय याच्या नोट्स लिहायच्या. आता रिटायर होऊन देवगडजवळ घरी असतो. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजू बघितल्यात, एवढंच माझं क्वालिफिकेशन समज.

तुझा शेवटचा प्रश्न, फरक पडतो का, तो तू सहज शेवटी चिकटवलायस पण खरा प्रश्न तोच आहे. तो पहिला घेतो.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट, आंबा संपत आलेला. शेजारचे अण्णा, दीडेकशे कलमं, बरं चाललंय, ते गेटात उभे राहून मला म्हणाले, "रेपो वाढलो रेपो वाढलो म्हणतत टीव्हीवर, मगे माझ्या सोसायटीचा व्याज होता तितक्याच, आणि झिलाचो हप्तो तेवढो वाढलो, ह्या कसा काय?" मी म्हटलं कागद काढा. त्यांच्या पडवीत बसून सगळं मांडलं, चार कर्जं निघाली. एक विकास सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचं पीककर्ज. दुसरं पतसंस्थेतलं सोनेतारण, वहिनींच्या पाटल्या. तिसरी वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल, फवारणीच्या आणि पेट्यांच्या पैशासाठी. आणि चौथं मुलाचं डोंबिवलीचं होम लोन, त्यात अण्णा सहकर्जदार.

आता बघ, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३, नऊ महिन्यांत रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, अडीच टक्के, आपल्याकडे एवढ्या कमी वेळात एवढी वाढ क्वचित होते. अण्णांच्या पीककर्जावर काय झालं? शून्य. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी, वेळेत भरलं की केंद्राची ३ टक्के सूट, वरून राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत, म्हणजे वेळेत भरणाऱ्याला शून्य टक्के पडतं. हा दर सरकारच्या योजनेने बांधलेला, त्याला रेपो माहीतच नाही. सोनेतारण १३ टक्के होतं, १३ च राहिलं, कारण पतसंस्थेचा दर संचालक मंडळ ठरवतं आणि मंडळ बघतं शेजारच्या पतसंस्थेकडे, मिंट रोडच्या रिझर्व्ह बँकेकडे नाही. दलालाच्या उचलीवर कागदावर व्याजच नाही, ते पेटीच्या भावात वसूल होतं, माल त्यालाच घालायचा ही अट, आणि भाव तो सांगेल तो. कुठल्या संशोधकाने हे व्याज मोजलं तर मी त्याला हापूसची पेटी घरपोच देईन.

राहिलं होम लोन, आणि इथे मात्र जोरदार दणका. २० लाख, २० वर्षं, सुरुवातीला ६.८ टक्के, हप्ता साधारण १५,२७० रुपये. अडीच टक्के वाढून ९.३ झाले. हप्ता तोच ठेवायचा म्हटलं तर, तू स्वतः कर हा हिशोब, २० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याज १५,५०० होतं. म्हणजे जुना हप्ता व्याजालासुद्धा पुरत नाही, मुद्दल फिटायच्या ऐवजी वाढत जाईल, कर्ज कधीच संपणार नाही. म्हणून हप्ता वाढवून १८,३८० च्या घरात न्यावा लागला, महिन्याला तीन हजार जास्त. अशी लाखो कर्जं देशभर झाली, म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सर्क्युलर काढायला लागलं की दर बदलला तर ग्राहकाला सांगा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला विचारा, फिक्स्ड रेटला जायचा पर्याय द्या.

एकाच घरात चार कर्जं, रेपो पोचला एकाच ठिकाणी, आणि तोही डोंबिवलीत. यालाच तुमच्या पुस्तकात 'ट्रान्समिशन' म्हणतात. पुस्तकात ते एका बाणाने दाखवतात, रेपो, मग बँकेचा दर, मग गुंतवणूक आणि खर्च, मग महागाई. आपल्याकडे त्या बाणाला वाटेत इतक्या चौक्या आहेत की कुठल्या चौकीवर किती अडतो हाच खरा रिसर्च.

थोडा इतिहास सांगतो, तुला लिटरेचर रिव्ह्यूला लागेल. बँकेने स्वतःचा दर कसा ठरवावा यावर रिझर्व्ह बँक किती वर्षं डोकं फोडतेय बघ. २००३ पासून बीपीएलआर, जुलै २०१० ला बेस रेट, एप्रिल २०१६ ला एमसीएलआर, ही सगळी बँकेने स्वतःच काढायच्या मूळ दराची नावं. प्रत्येक वेळी तोच अनुभव, रेट वाढला की बँका लगेच वाढवतात, कमी झाला की 'आमच्या ठेवी महाग आहेत हो' म्हणून बसून राहतात. मी स्वतः त्या टेबलावर होतो म्हणून सांगतो, हिशोबात फिरवाफिरवीला जागा होती आणि ती वापरली जायची. २०१७ मध्ये जनक राज यांच्या अभ्यासगटाने हे स्पष्ट लिहिलं, की बँका आपल्या सोयीने आकडा बसवतात, आणि सुचवलं की दर बाहेरच्या मापाला बांधा. मग १ ऑक्टोबर २०१९ पासून फ्लोटिंग रेटची घरकर्जं, इतर वैयक्तिक कर्जं आणि लघुउद्योगांची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या बेंचमार्कला बांधली गेली. पण हे कमर्शियल बँकांना. सहकारी बँकांना ती सक्ती नाही, आणि पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतच येत नाहीत, त्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली, त्यांचा मालक सहकार खातं. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात सामान्य माणसाचं कर्ज कुठे असतं ते तूच मोज, तुझ्या घरापासून सुरुवात कर.

आता एक सापळा, यात मी शिकलेसवरलेले लोक पडलेले बघितलेत. रेपोचा आलेख काढायचा आणि त्यालाच 'पतधोरण' म्हणायचं. जुलै २०१३ घे. मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बर्नान्के नुसतं म्हणाले की बाँड खरेदी कमी करू शकतो, आणि इकडे रुपया ५५ वरून ऑगस्टअखेर ६८ च्या पार गेला. १५ जुलैला रिझर्व्ह बँकेने काय केलं? रेपो ७.२५ होता, तो हलवलाच नाही. एमएसएफ म्हणजे बँकांनी रात्रीसाठी उसनं घ्यायची शेवटची खिडकी, ती १०.२५ वर नेली आणि रेपोवर मिळणाऱ्या पैशावर मर्यादा घातली. बाजारातला एक दिवसाचा दर झटक्यात दहाच्या आसपास. तुझ्या आलेखात मात्र सरळ रेघ, काहीच झालं नाही. उलट बाजूने २०२०-२१ घे, रेपो ४ टक्के म्हणून सगळे लिहितात पण सिस्टिममध्ये पैसा इतका पडून होता की खरा दर रिव्हर्स रेपोच्या, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेत पैसा ठेवून मिळणाऱ्या, ३.३५ ला चिकटला होता. एप्रिल २०२२ ला एसडीएफ, म्हणजे बँकांनी जास्तीचा पैसा ठेवायची नवी खिडकी, आणली ३.७५ ला, रेपो तोच, पण धोरण तिथेच ४० पॉइंटांनी, म्हणजे ०.४० टक्क्याने, कडक झालं, पेपरात मात्र हेडलाईन 'रेपो जैसे थे'. म्हणून कॉल मनीचा, म्हणजे बँका एकमेकांना एका दिवसासाठी उसनं देतात त्याचा, भारित सरासरी दर घे, डब्ल्यूएसीआर. रोजचा डेटा मिळतो, फुकट मिळतो.

बरं, स्थैर्याकडे येऊ. इथे मला एक दिवस सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाव-गाव सांगत नाही. मी मॅनेजर होतो त्या बाजारपेठेत आमच्या शेजारच्या गाळ्यात एक पतसंस्था होती, तिचं करंट खातं आमच्याकडे. बाजाराचा दिवस, साडेदहाला बघतो तर त्यांच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत रांग. वावडी अशी की मुंबईच्या कुठल्याशा बँकेत यांची एफडी अडकली. अडकली होती खरी, पण एकूण ठेवींच्या मानाने चिल्लर. चेअरमन मागच्या दाराने माझ्या केबिनमध्ये, घामाघूम, "साहेब, आमची तुमच्याकडची एफडी तारण घ्या पण कॅश द्या." कागद करायला तासभर, आणि आमच्या तिजोरीत तेवढी कॅश नाही, करन्सी चेस्टला फोन, जिल्ह्याहून गाडी निघून पोचेपर्यंत चार वाजले. तोवर त्यांचा कॅशियर एकेक विथड्रॉल स्लिप दोन-दोनदा तपासत बसला होता, मुद्दाम, वेळ काढायला. गाडी आली, बंडलं काउंटरच्या मागे सगळ्यांना दिसतील अशी रचली, आणि रांग अर्ध्या तासात निम्मी झाली. दुसऱ्या दिवशी त्यातलेच काही लोक पैसे परत ठेवायला आले, मुदतपूर्व मोडल्याचं व्याज गेलं म्हणून वर भांडले.

मी दिवसभर रांग बघत होतो. मासळीवाल्या, भाजीवाल्या, रोज पिग्मी भरणाऱ्या, त्या रांगेत फारशा नव्हत्याच. त्यांची कर्जं तिथे होती, पिग्मीवाला रोज दारात यायचा, त्याला विचारून त्या मोकळ्या झाल्या. रांगेत होते ते एकरकमी ठेववाले, रिटायर्ड लोक, आणि एका वाडीतले पंधरा-वीस जण जे एकाच टेम्पोतून आले. नंतर कळलं की त्या सगळ्यांना तिथे ठेवी ठेवायला एकाच मास्तरांनी नेलं होतं, आणि त्या दिवशी सकाळी मास्तरांनीच पैसे काढले होते.

कितीतरी वर्षांनी रिसर्च सेलमध्ये असताना राजकमल अय्यर आणि मंजू पुरी यांचा २०१२ चा पेपर हातात आला आणि मी खुर्चीतच सरसावून बसलो. त्यांनी गुजरातेतली एक सहकारी बँक घेतलीय. २००१ मध्ये माधवपुरा मर्कंटाईल बँक बुडाली, केतन पारेख शेअर घोटाळ्याचं प्रकरण, आणि तिच्या धक्क्याने या दुसऱ्या, तशा धडधाकट बँकेवर रांग लागली. यांनी त्या बँकेतल्या एकेका ठेवीदाराचा रेकॉर्ड बघितला, कोणी कधी काढले. निघालं काय? विमा असलेल्यांपेक्षा विमा नसलेले जास्त पळाले हे तर आहेच, पण विमा असलेलेही पळाले, विम्याने भीती पूर्ण जात नाही. ज्यांचं बँकेशी जुनं नातं, ज्यांचं तिथे कर्ज, ते कमी पळाले. आणि खातं उघडताना ज्याने ओळख दिली, फॉर्मवर सही केली, त्या ओळखीच्या जाळ्यातले बाकीचे पळाले की हाही पळतो. म्हणजे माझा टेम्पो आणि माझे मास्तर. माझ्याकडे ती अख्खी गोष्ट होती, रजिस्टर शेजारच्या गाळ्यात होतं, आणि मी त्याचं काहीच केलं नाही. तेव्हाचा तो सल अजून जात नाही, म्हणून एवढं लांबण लावतोय.

यामागची थिअरी डायमंड आणि डिबविग यांची, १९८३ ची, २०२२ चं नोबेल त्यांना आणि बर्नान्केंना मिळालं ते याच कामासाठी. मांडणी साधी आहे. बँक लोकांचे आज मागता येणारे पैसे घेते आणि दहा वर्षांनी परत येणाऱ्या कर्जात घालते, हेच तिचं काम. मग बाकीचे रांगेत उभे आहेत म्हटल्यावर मीही जाणं शहाणपणाचं, आणि सगळे असे शहाणे झाले की चांगली बँकही बसते. त्यावर उपाय म्हणून ठेव विमा. आपल्याकडे १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर १९६२ ला तो सुरू झाला, तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. १९९३ ला एक लाख, आणि मग तिथेच २७ वर्षं, पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध येऊन ठेवीदारांना पहिल्यांदा हजार रुपयेच काढता आले तेव्हा सगळ्यांना त्या एका लाखाची आठवण झाली, आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. पण पतसंस्थेला यातलं काहीही लागू नाही. पाटी 'बँके'सारखी, पासबुक बँकेसारखं, विमा शून्य. डायमंड-डिबविगचं विम्याशिवायचं मॉडेल जिवंत बघायचं असेल तर चिपळूणच्या बाजारपेठेत एक फेरी मार.

स्थैर्य मोजतात एनपीएवरून, म्हणजे हप्ते थकलेल्या कर्जांच्या प्रमाणावरून. इथे आपला मराठी शब्द इंग्रजीपेक्षा सरस आहे, 'नवं-जुनं'. ३१ मार्च आला की शेतकरी चार दिवसांसाठी कुठून तरी पैसे उभे करतो, सोसायटीचं कर्ज भरतो, एप्रिलमध्ये तेवढंच किंवा थोडं जास्त नवं उचलतो, उभे केलेले परत देतो. कागदावर वसुली चोख, सवलत मिळाली, एनपीए नाही. खरं तर कर्ज दहा वर्षं तेच आहे. छोट्या शेतकऱ्याला मी यात दोष देत नाही, नियमच असा केलाय की त्याने दुसरं काय करावं. पण मोठ्या बँकांनी मोठ्या कंपन्यांबरोबर हेच केलं, फक्त तिथे त्याला रिस्ट्रक्चरिंग म्हणायचे. रघुराम राजन गव्हर्नर असताना २०१५ मध्ये ॲसेट क्वालिटी रिव्ह्यू झाला, तपासणीवाले स्वतः खाती उघडून बघायला लागले, आणि बँकांचा ढोबळ एनपीए जो मार्च २०१५ ला चार-साडेचार टक्के होता तो मार्च २०१८ पर्यंत ११ च्या वर. आता तू रिग्रेशनमध्ये हे आकडे घातलेस तर असं दिसेल की २०१६ ते २०१८ मध्ये बँका अचानक बिघडल्या. बऱ्याचशा आधीच बिघडलेल्या होत्या गं, दिवा तेव्हा लावला. जपानमध्ये नव्वदीत हेच झालं, मेलेल्या कंपन्यांना बँका कर्ज देत राहिल्या, काबालेरो, होशी आणि कश्यप यांचा २००८ चा पेपर आहे त्यावर, त्यात मुद्दा असा की अशा झोंबी कंपन्यांमुळे शेजारच्या चांगल्या कंपन्याही वाढत नाहीत. मार्च २०२४ ला आपला एनपीए ३ टक्क्यांच्या खाली आला, चांगलंच आहे, पण त्यात वसुली किती, राइट-ऑफ म्हणजे हिशोबातून नुसतं पुसलेलं किती, हे वेगळं काढून बघितल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.

आता 'उदयोन्मुख अर्थव्यवस्था' हा शब्द. तो टायटलमध्ये शोभेला असू नये. फरक काय, तर बाहेरचा वारा. पुस्तकातली त्रिकोणी अडचण तुला माहीत असेल, विनिमय दर स्थिर, भांडवल मोकळं, आणि स्वतःचं पतधोरण, तिन्ही एकदम मिळत नाहीत. एलेन रे यांनी २०१३ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की रुपया मोकळा सोडलात तरी अमेरिकेच्या धोरणाचा वारा आत येतोच, भांडवलावर काही बंधनं नसतील तर स्वतंत्र धोरण हे नावापुरतं. मला हे निम्मं पटतं. २०१३ मध्ये बर्नान्केंच्या एका वाक्याने वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखानदाराचा खेळता पैसा आटला, कारण आफ्रिकेतून येणारी कच्ची बी डॉलरात, आणि कॅश क्रेडिटची लिमिट रुपयात, लिमिट तेवढीच, बी मात्र पंचवीस टक्के महाग. त्याच वेळी दापोली-खेड-मंडणगडात आखातातल्या लोकांच्या घरी दिनारा-रियालाचे जास्त रुपये येत होते, त्या शाखांत ठेवी फुगल्या. एकाच किनाऱ्यावर एक बँक शाखा पैशासाठी तडफडतेय, दुसरीला ठेवायला जागा नाही. हे सगळं 'भारत' नावाच्या एका ओळीत घातलंस की सरासरीत बुडून जातं.

जाता जाता, हे विषय आपल्याला परके नाहीत. रुपया सोन्याशी कसा बांधावा यावर बाबासाहेब आंबेडकरांचा लंडनचा प्रबंध १९२३ चा, इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्सने ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली तिलाच त्यांनी धारेवर धरलं, म्हणणं असं की चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडलं की गरिबाला महागाई भोवते. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका. आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख, १९४३ ला झाले, जन्म महाडजवळच्या नाते गावचा. व्हायवाला कोणी 'कोकणात बसून कसलं पतधोरण' म्हटलं तर एवढं सांग आणि गप्प बस.

मग तू नेमकं काय करावं. गाईड बरोबर आहेत, विषय कापायलाच हवा. आणि कापायचा कसा, तर तुलना जिथे आपोआप तयार आहे तिथे. ख्वाजा आणि मियाँ यांचा २००८ चा पेपर आधी वाच, दोनदा वाच. पाकिस्तानने १९९८ ला अणुचाचणी केली, सरकारने डॉलरच्या ठेवी गोठवल्या, ज्या बँकांकडे डॉलर ठेवी जास्त त्यांचा पैसा आटला. यांनी काय केलं, एकाच कंपनीची दोन बँकांतली कर्जं शेजारी ठेवली. कंपनी तीच, तिची गरज तीच, त्यामुळे कर्ज एका बँकेतून कमी झालं तर तो दोष कंपनीचा नाही, बँकेचा. मोठ्या कंपन्यांनी दुसरीकडून भागवलं, छोट्यांना जमलं नाही. केवढी साधी युक्ती. आता अण्णांचे चार कागद आठव. एकच माणूस, चार सावकार, चौघांचा रेपोशी संबंध वेगवेगळा. असे दोनशे अण्णा गोळा केलेस, मे २०२२ च्या आधी आणि नंतर कोणाकडून किती घेतलं हे मांडलंस, की तुझ्याकडे असं काही असेल जे दिल्लीत बसून कोणाला करता येणार नाही. प्रश्न एका ओळीत: बँकेचं कर्ज महागलं तेव्हा कोकणातला कर्जदार पतसंस्थेकडे आणि दलालाकडे वळला का? वळला असेल तर त्याचा अर्थ फार मोठा आहे, कारण मग रिझर्व्ह बँक ब्रेक दाबतेय आणि कर्ज कमी न होता अशा जागी सरकतंय जिथे तिची नजर नाही आणि ठेवींना विमाही नाही. तुझ्या टायटलमधले तिन्ही शब्द त्यात आले.

पेपरसाठी डेटा म्हणशील तर रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर जिल्हावार ठेवी आणि कर्जं मिळतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा कर्ज-ठेव रेशो काढून बघ आणि पुण्याशेजारी ठेव, चाकरमान्यांचा पैसा कुठे जातो ते दिसेल. धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने १९६९ ला जिल्ह्याला धरून बँकिंग करा म्हटलं, त्यातून लीड बँक योजना आली, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात पुढाकार एका बँकेकडे, तिच्या जिल्हा बैठकीची कागदपत्रं कलेक्टर ऑफिसात किंवा लीड बँकेत नम्रपणे मागितलीस तर मिळतात, नम्रपणे हा शब्द महत्त्वाचा. फायनान्शियल स्टॅबिलिटी रिपोर्ट वर्षातून दोनदा येतो, तो वाच पण त्यात पतसंस्था शोधू नकोस. पतसंस्थांसाठी सोन्याची खाण म्हणजे सप्टेंबरच्या वार्षिक सभेआधी सभासदांना वाटतात तो छापील अहवाल. लोक त्यात भजी गुंडाळतात. ताळेबंद, नफा-तोटा, ऑडिट वर्ग, सगळं असतं. 'गुंतवणुका' या ओळीवर बोट ठेव आणि पैसे कुठल्या बँकेत आहेत ते बघ, कारण वावडी तिथूनच उठते. आणि नुसता ३१ मार्चचा आकडा घेऊ नकोस, नवं-जुनं लक्षात आहे ना, मे-जूनचा मिळवायचा प्रयत्न कर.

गणिताची भीती बाळगू नकोस. पॅनेल डेटा, फिक्स्ड इफेक्ट, डिफरन्स-इन-डिफरन्स, आकड्यांची तुलना करायच्या एवढ्या पद्धती नीट समजून आर किंवा स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये करता आल्या की हा प्रबंध उभा राहतो. ते मोठे समीकरणांचे डीएसजीई वगैरे आत्ता बाजूला ठेव, वाचता येऊ दे फक्त. मुलाखती घेताना मात्र 'तुमच्यावर कर्ज किती' असं तोंड उघडल्या उघडल्या विचारू नकोस, कोकणातला माणूस चहा पाजेल, फणसाचे गरे देईल आणि 'तसा काय नाय' म्हणून बोळवण करेल. कलमं किती, फवारण्या किती, औषध कुठून आणता, इथून सुरू कर. औषधवाल्याची उधारी हा पाचवा सावकार निघतो, अण्णांच्या यादीत तो मलाही दुसऱ्या दिवशी कळला.

सध्या एवढं कर. घरातलं एक पीककर्जाचं पासबुक, एक होम लोनचं स्टेटमेंट आणि पतसंस्थेची एक सोनेतारण पावती मिळव, एप्रिल २०२२ ते मार्च २०२३, आणि मग २०२५ चं वर्ष, कारण तेव्हा फेब्रुवारी ते जून रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला. वर जाताना कोण हलला आणि खाली येताना कोण, एका कागदावर लिही. पावसाच्या आधी मला दाखवलंस तर बरं, मृग लागला की आमच्याकडे लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो.